ओळ क्रमांक एकशे अठरा

कोणत्याही संस्थेला सुरक्षित करायचं असेल, तर आधी तिला धोका आहे अशी तिची खात्री पटवून द्यावी लागते. हे काम वेळखाऊ असतं आणि रिकाम्या पोटी होत नाही. सांता इनेस वीज सहकारी संस्थेची खात्री मात्र अवघ्या तीन दिवसांत पटली. संस्थेचे व्यवस्थापक (यांना गाव नावाने हाक मारत नाही, नुसतं "इंजिनिअर" म्हणतं) मनिलाला एका चर्चासत्राला गेले होते. तिथे एका वक्त्याने पडद्यावर काळी टोपी घातलेल्या माणसाचं चित्र दाखवलं आणि सांगितलं, की बिनतारी मीटर हवेतल्या हवेत वाचता येतो. तुम्ही घरी कधी असता, बाहेर कधी जाता, गरम पाण्याने आंघोळ करता की नाही, हे सगळं चोराला घरबसल्या कळतं. चोरालासुद्धा घरबसल्या काम करता येतं, हे ऐकून इंजिनिअर अंतर्मुख झाले. नंतर ते जेवले, प्रमाणपत्र आणि कापडी पिशवी घेतली आणि बोटीने परत आले.

गावात असे मीटर चार महिन्यांपूर्वीच बसले होते. त्याआधी बावीस वर्षं मीटर वाचायचं काम मानोंग (म्हणजे दादा) तेरियो करत. आमच्याकडे मीटर उंच खांबावर असतो, म्हणजे ग्राहकाचा हात पोचू नये. त्यामुळे वाचणाऱ्याला सायकलीबरोबर दुर्बीणही लागते. एका पुरुषाने बावीस वर्षं लोकांच्या घरांकडे दुर्बिणीतून पाहावं आणि त्याच्याविरुद्ध एकही तक्रार येऊ नये, हा बहुधा या बेटांवरचा विक्रम असेल, पण त्याची नोंद ठेवायला कोणाला वेळ झाला नाही.

तेरियोंना सगळं ठाऊक असे. कोणाकडे पाहुणा महिनाभर मुक्कामाला आहे, कोणाचा फ्रिज नुसता शोभेला आहे, कोण उपासाच्या दिवशी भट्टी लावतं. मीटरचे आकडे माणसाच्या स्वभावासारखे असतात, बारीक पाहिलं की लबाडी दिसते. पण त्यांनी तोंड कधी उघडलं नाही. त्यांची बायको हयात होती तेव्हा वैतागून म्हणायची, "तुमच्याशी लग्न केलं आणि गावातली एक बातमी मला वेळेवर मिळाली नाही." बिनतारी मीटर आल्यावर संस्थेने तेरियोंना दुर्बीण जमा करायला सांगितली आणि खुर्ची दिली. खुर्चीसमोर टेबल नव्हतं, ते पुढच्या अंदाजपत्रकात होतं.

तर धोका. धोक्याची पाहणी केली तेव्हा पहिली गोष्ट अशी आढळली, की प्रत्येक मीटरच्या पाठीवर परवलीचा शब्द छापलेला आहे: एक, दोन, तीन, चार. अकराशे चाळीस मीटर आणि सगळ्यांना एकच शब्द, म्हणजे कोणावर अन्याय नको. हेही एक वेळ चाललं असतं. पण उद्घाटनाच्या दिवशी महापौरांनी मीटर उंच धरून फोटो काढला होता आणि धरला होता उलटा. तो फोटो चौकात बारा फुटी फ्लेक्सवर लागला होता. मीटरच्या पाठीवरचे आकडे महापौरांच्या चेहऱ्यापेक्षा स्पष्ट आले होते. आकड्यांवर कागद चिकटवावा अशी सूचना पुढे आली, पण आकडे नेमके महापौरांच्या दोन फाकलेल्या बोटांमधे होते आणि ती दोन बोटं ही त्यांची निवडणुकीची खूण होती. बोटं झाकणं म्हणजे राजकारण झालं असतं. संस्था राजकारणापासून अलिप्त आहे.

मग समिती नेमली. मीटर गोपनीयता व सुरक्षा समिती, सदस्य अकरा. (पैकी मीटर जवळून पाहिलेले तीन, स्वतःच्या घरचा पाहिलेला एक.) बैठका सहा झाल्या. पान्सितच्या, म्हणजे तळलेल्या शेवयांच्या, चौऱ्याहत्तर बश्या संपल्या. अकरा सक सहासष्ट होतात हे कोणीतरी लक्षात आणून दिलं, तेव्हा उरलेल्या आठ बश्या निरीक्षकांनी खाल्ल्या असं इतिवृत्तात लिहिलं गेलं. निरीक्षक कोण, हे सुरक्षेच्या कारणास्तव लिहिलेलं नाही.

सहाव्या बैठकीत ठराव आला. तो इतका नितळ आहे, की शब्दशः देणंच बरं:

"ज्याअर्थी चोर फक्त लपवलेली वस्तू चोरतो, आणि ज्याअर्थी चव्हाट्यावरची माहिती आजवर कोणी चोरल्याची नोंद नाही, आणि ज्याअर्थी परवलीचा शब्द बदलण्याचा अधिकार पुरवठादाराकडे असून पुरवठादार फोन उचलत नाही, त्याअर्थी सर्व ग्राहकांचा तासागणिक वीजवापर नावानिशी पारदर्शकता फलकावर लावण्यात यावा, जेणेकरून चोराला चोरण्यासारखं काही शिल्लक राहणार नाही."

ठराव एकमताने मंजूर झाला. (एक सदस्य झोपले होते. त्यांनी विरोध केला नाही.)

पारदर्शकता फलक आमच्याकडे प्रत्येक कचेरीबाहेर असतो आणि त्यावर काय लावायचं हा कायमचा प्रश्न असतो. मागच्या वर्षी संस्थेने त्यावर खरेदी केलेल्या सात पंख्यांची यादी लावली होती. ती वाऱ्याने उडेपर्यंत कोणी वाचली नाही. आता प्रथमच फलकाला साजेसा मजकूर मिळाला होता. पहिल्या टप्प्यात बाजारपेठ विभागाचे तीनशे बारा ग्राहक, प्रत्येकाची एक ओळ, ओळीत चार महिन्यांच्या सरासरीने आठवड्याचा प्रत्येक तास आणि जिथे वापर नेहमीपेक्षा जास्त तिथे लाल चौकोन. सोमवारी सकाळी झेंडावंदन झालं की कागद लागायचा. फलकाची राखण करायला माहिती सुरक्षा अधिकारी नेमायचं ठरलं. खुर्चीवर तेरियो रिकामेच होते.

"मानोंग, अभिनंदन!" इंजिनिअर म्हणाले. त्यांनी तेरियोंच्या हातात हिरवं जाकीट, शिट्टी आणि छापील कागदांची गुंडाळी दिली. "तुम्हाला फक्त उभं राहायचंय. कोणी माहिती चोरायला आला, तर शिट्टी वाजवा."

"पण लोक ती वाचणारच ना, इंजिनिअर?"

"वाचू दे की! वाचणं म्हणजे चोरी नाही. चोरून वाचणं म्हणजे चोरी."

तेरियोंनी गुंडाळी उलगडली. एकशे अठराव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. सिओनी दुमागात, विधवा, घरात माणसं एक. दर रविवारी दुपारी तीन वाजता लाल चौकोन.

त्या चौकोनाची हकीकत अशी. मानांग (म्हणजे ताई) सिओनीचा मुलगा जेरविन गेल्या वर्षी कॅनडाला गेला. म्हणजे निघाला. फाटकावर दोन फ्लेक्स लागले होते, एकात तो पदवीच्या झग्यात आणि दुसऱ्यात मागे बर्फाचे डोंगर: "अभिनंदन जेरविन! कॅनडा तुझी वाट पाहतोय!" अख्खं डुक्कर भाजलं होतं. जीपनीला, म्हणजे लांबड्या प्रवासी जीपला, लटकून गल्ली बंदरापर्यंत आली होती आणि निवृत्त मुख्याध्यापिका मॅम बासिलिसा यांनी धक्क्यावर वीस मिनिटं भाषण केल्यामुळे बोटही वीस मिनिटं उशिरा सुटली. मनिलात पोचल्यावर जेरविनला एजंटच्या कचेरीला कुलूप दिसलं आणि कुलपासमोर त्याच्यासारखेच चाळीस जण, प्रत्येकाच्या बगलेत फाईल. अकरा दिवस वाट पाहून तो परतीच्या बोटीत बसला आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात आला. सिओनीने आधी त्याला पोटभर जेवू घातलं. मग ती फाटकावर जाऊन फ्लेक्सकडे बघत राहिली. फ्लेक्स तीन वर्षं टिकेल, अशी छापणाऱ्याने हमी दिली होती.

तेव्हापासून जेरविन कॅनडातच आहे, मागच्या खोलीत. बसल्या बसल्या त्याने कामही मिळवलं. कॅनडातल्या एका फ्रिज कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायच्या आणि त्यांना शांत करायचं. म्हणजे पोरगा कॅनडात नोकरी करतो हे काही खोटं नव्हतं. फक्त देह सांता इनेसला असे.

दर रविवारी तीन वाजता गल्लीतल्या आत्या-मावश्या सिओनीच्या पुढच्या खोलीत जमत आणि जेरविनचा व्हिडिओ कॉल येई. मधे एक पातळ फळ्यांची भिंत. भिंतीपलीकडे जेरविन लोकरीची टोपी आणि जाकीट घालून, मागे बर्फाचं चित्र लावून बसलेला असे. टोपी खरी वाटावी म्हणून एसी सोळावर असे.

"अगं, नाक बघ पोराचं, लाल झालंय!" आत्या हळहळत.

"आवाज कसला रे हा घरघर?"

"वादळ आहे, तिया," जेरविन दात वाजवत सांगे. वादळ फोनमधूनही ऐकू येई आणि भिंतीतूनही. यंत्रं फार सुधारली आहेत, यावर सगळ्यांचं एकमत होई.

जुना मीटर काढण्याच्या आधीच्या शेवटच्या महिन्यात तेरियोंना आकड्यावरूनच कळलं होतं, की या घरात एक माणूस राहत नाही. त्याच वेळी मागच्या खिडकीत लोकरीची टोपी दिसली. तेरियोंनी दुर्बीण खाली घेतली, "मीटर ठीक आहे, मानांग," म्हणाले आणि सायकलीवर टांग टाकली. त्यानंतर दर रविवारी त्यांच्याकडे केळीच्या पानातली बिबिंका येऊ लागली. ही तांदळाची खापरोळी का येते, हे त्यांनी विचारलं नाही आणि सिओनीने सांगितलं नाही.

शनिवारी दुपारी तेरियो तिच्या स्वयंपाकघरात गेले.

"मानांग, सोमवारी फलकावर कागद लागणार आहे."

"लागू दे की. मागच्या खेपेला पंख्यांचा लागला होता. कोण वाचतं?"

"हा वाचतील. यात नावं आहेत." त्यांनी गुंडाळी उलगडून ओळ दाखवली.

सिओनीने हात पुसले आणि वाकून पाहिलं. "हा लाल ठिपका कसला?"

"रविवार. दुपारी तीन."

ती बाकावर बसली. ठिपक्यावर नख घासत म्हणाली, "पुसून टाका ना, मानोंग. एवढासा तर आहे. डास मेला म्हणून सांगा."

"प्रत्येक पानावर शिक्का आहे. आणि एकच ओळ पुसलेली दिसली, तर सगळं गाव तीच वाचणार."

भिंतीपलीकडून आवाज आला, "नानाय, मी सोमवारी चौकात येतो आणि सांगून टाकतो. मला कंटाळा आलाय कॅनडाचा."

"तू गप बस! तू इथे नाहीस!"

"मग रोज दोन वेळा जेवतं कोण?"

"तोंड वर करून बोलू नकोस! सगळी गल्ली आली होती बंदरावर. तुझ्या तिया ढसाढसा रडल्या. आता त्यांना काय सांगू, रडलेलं परत घ्या म्हणून?" मग ती तेरियोंकडे वळली. "मला माझी लाज नाही हो, मानोंग. माझं काय, मला हसले तर मी दोन शिव्या घालीन. पण हा हरून आलाय अशा नजरेने त्याच्याकडे बघतील ना, ते मला बघवायचं नाही."

तेरियोंना फार राग आला. बावीस वर्षं जे त्यांनी पोटात ठेवलं, ते आता त्यांच्याच हाताने खळ लावून चिकटवायचं होतं, तेही हिरवं जाकीट घालून.

सोमवारी झेंडावंदनाला विक्रमी गर्दी झाली. राष्ट्रगीत एरवीपेक्षा लवकर संपलं. तेरियोंनी कागद चिकटवले, शिट्टी गळ्यात अडकवली आणि बाजूला उभे राहिले. त्यानंतरची पंधरा मिनिटं संस्थेच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहावीत अशी गेली. उपस्थित ग्राहक अंदाजे तीनशे. शेजाऱ्याची ओळ वाचायला आलेले, तीनशे. आधी आपली ओळ कशी दिसते ते सहज बघून घ्यावं, असं मनात आलेले, तेही तीनशे.

आणि तिथेच घोटाळा झाला. बर्फाच्या कांड्या "घरच्या फ्रिजातल्या" म्हणून विकणारीच्या ओळीत फ्रिज नव्हताच. गल्लीत कराओकेवर बंदी आणणाऱ्या बारंगाय कॅप्टनच्या, म्हणजे वॉर्डप्रमुखाच्या, घरी दर शनिवारी चार तास काहीतरी जोरात चालत होतं. इंजिनिअरच्या घरचा एसी कचेरीच्या वेळात, दहा ते चार, अगदी नियमित होता. ज्याला आपली ओळ सापडली, तो तिथेच पाठ लावून उभा राहिला. कोणी टोपी टेकवली, कोणी छत्री उघडली, एकाने पोटाशी धरलेला लढाऊ कोंबडा कागदावर धरला. फलक दिसेनासा झाला. पाठीशिवाय काही वाचता येईना, आणि तेरियोंना वाटलं, निभावलं.

पण मॅम बासिलिसांनी चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या होत्या. त्या आपली ओळ बघायला आल्याच नव्हत्या. आपल्या ओळीत काही चुकीचं असेल, ही शंका त्यांना आयुष्यात आली नव्हती. त्या छत्र्यांखालून शिरल्या, पानावर बोट फिरवत गेल्या आणि मधेच थांबल्या.

"सिओनी!" वर्गात हाक मारावी तशी त्यांनी हाक मारली. "अगं, दर रविवारी तीन वाजता तुझ्याकडे हे एवढं काय चालतं? तीनला तर आम्ही सगळ्या तुझ्याकडेच असतो. तेव्हा साधा पंखासुद्धा लावत नाहीस तू!"

छत्र्या स्थिर झाल्या. आत्या एकमेकींकडे पाहू लागल्या. एकीच्या ओठांवर "घरघर" हा शब्द आलाच होता. सिओनीने पदर नसलेल्या खांद्यावर उगाचच हात फिरवला आणि तोंड उघडलं. ती खरं सांगणार होती, हे तेरियोंना दिसलं.

तेरियोंनी शिट्टी वाजवली नाही. ते पुढे झाले, जिभेला बोट लावलं आणि कागदावर ते सावकाश खाली नेलं. दोनशे सहाव्या ओळीवर बोट थांबलं.

आता मॅम बासिलिसांच्या चॉकलेटविषयी दोन शब्द. कोकोच्या त्या वड्या सात बेटांवर जातात. हाताने, आजीच्या दगडी पाट्यावर, लाकडाच्या विस्तवाशेजारी वाटलेल्या, असं पुडक्यावर लिहिलेलं असतं. फादरनी त्यांना आशीर्वाद दिलेला आहे आणि दुखऱ्या मनगटाला बांधलेली पट्टी दाखवून बाई त्यावर शाळेत व्याख्यानही देतात. दोनशे सहाव्या ओळीत रोज पहाटे चार ते सहा असे दोन लाल चौकोन होते, एकाला एक चिकटून. दीड अश्वशक्तीची मोटर.

मॅम बासिलिसांनी बोटाकडे पाहिलं. मग तेरियोंकडे पाहिलं. तेरियो दुर्बिणीतून पाहत तसेच शांतपणे बघत होते.

"ऊन काय चढलंय," बाई म्हणाल्या. "आणि अक्षरं इतकी बारीक! मला मेलीला काही दिसतच नाही. चष्मा घरी राहिला." चष्मा त्यांच्या नाकावर होता. "रविवारी तीन काय नि तेरा काय! छपाईची चूक असेल. चला गं, घरी चला, दुसऱ्याच्या घरात काय डोकावताय?"

आत्या निघाल्या. त्यांच्याही ओळी होत्या.

दुपारपर्यंत फलकावर कागद राहिला नव्हता. तो कोणी काढला हे कळलं नाही, कारण तीनशे जणांनी तो काढताना कोणालाच पाहिलं नाही. समितीने सातव्या बैठकीत (बश्या चौदा) अहवाल दिला, की महिनाभरात माहिती चोरीचा एकही प्रयत्न झाला नाही, योजना पूर्ण यशस्वी झाली असून हे यश टिकवण्यासाठी ती तातडीने बंद करण्यात यावी. मीटरचं हवेतून बोलणंही सुरक्षेसाठी तोडण्यात आलं. आकडे तरीही लागतातच, म्हणून एका अनुभवी माणसाला सायकल आणि दुर्बीण पुरवावी, असं ठरलं. मनिलाच्या पुढच्या चर्चासत्रात इंजिनिअर या नव्या पद्धतीवर बोलणार आहेत. जेरविन अजून कॅनडात आहे. गेल्या रविवारी तिथे फार मोठं वादळ होतं. मॅम बासिलिसा त्याला म्हणाल्या, "बाळा, स्वेटर घाल," आणि भिंतीकडे पाहिलं नाही.

हिशेब केला तर आज हे गुपित चौघांना ठाऊक आहे: सिओनी, जेरविन, तेरियो आणि मॅम बासिलिसा. चौघंही भरवशाचे. पहिली आई आहे, दुसरा स्वतः गुपित आहे, तिसऱ्याला बोलायची सवय नाही आणि चौथीची मोटर पहाटे चारला सुरू होते. पाचवे तुम्ही. समितीने तुमच्याविषयी गंभीर चिंता व्यक्त केली आहे. सगळं वाचलंत, मनापासून हसलात, उद्या कोणाला तरी सांगणार आणि तुमची स्वतःची ओळ मात्र आमच्या कागदावर कुठेच नाही. तेव्हा एवढंच कळवायचं आहे, की मागच्या महिन्यात तुमच्या जिन्याखाली दोन माणसं येऊन जुना मीटर काढून जो नवा बसवून गेली आणि ज्यावर बारीकसा हिरवा दिवा लुकलुकतो, तो मीटरही आमच्याच पुरवठादाराचा आहे. परवलीचा शब्द बदलून घ्या. फोन ते उचलत नाहीत.